व्रत माझं, उपास घरादाराला

माळ्यावरून स्टीलचे सव्वीस डबे निघाले. त्यातले चार आम्ही पंधरा वर्षांत वापरले होते. बाकीचे लग्नातल्या आहेराचे, कुणाच्या वास्तुशांतीचे, कुणाच्या मुंजीत हातात ठेवलेले. काहींच्या आतला कागदसुद्धा काढलेला नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही कोथरूडचं भाड्याचं घर सोडून धायरीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हाची ही गोष्ट. टेम्पो एक सांगितला होता, दोन लागले. तीन इस्त्र्या निघाल्या, त्यातली एक चालू. कुठल्या फोनचे ते कुणालाच सांगता येईना असे अकरा चार्जर निघाले. आणि पिशव्या सदतीस. आम्ही त्यांना 'कापडी' समजून, पर्यावरणाची सेवा केल्यासारख्या जपून ठेवल्या होत्या. साड्यांच्या दुकानात मिळते तसली ती पिशवी दिसते कापडासारखी, पण असते पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. माळ्यावरच्या उष्म्यानं तिचा भुगा झाला होता आणि तो भुगा माझ्या केसांत, नाकात, मानेवर चिकटला होता.

त्याच आठवड्यात मी जाहीर केलं की पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत घरात नवीन वस्तू यायची नाही. खाणंपिणं, औषधं, लेकीची पुस्तकं-वह्या आणि दुरुस्तीचे सुटे भाग एवढीच सूट. जुनं चालेल, उसनं चालेल, दुरुस्त केलेलं चालेल. कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. बायको शाळेत शिकवते. तिनं तो कागद उत्तरपत्रिका तपासावी तसा वाचला आणि 'बरं' एवढंच म्हणाली. आई सहा महिने आमच्याकडे आणि सहा महिने वाईजवळ गावी असते. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून पाहिली.

"यंदा अधिक श्रावण आहे बाबा. तुझं वर्ष तेरा महिन्यांचं."

खरंच होतं. २२ मार्च २०२३ ते ९ एप्रिल २०२४. ३८४ दिवस. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं; सौर वर्षाशी त्याचा मेळ बसावा म्हणून पावणेतीन-एक वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो, हे शाळेत शिकलो होतो. तो नेमका माझ्याच वाट्याला यावा, आणि तो जावयांचा महिना असावा, हे तेव्हा लक्षात आलं नाही. त्याबद्दल पुढे.

सुरुवात कशी झाली तेही सांगून टाकतो, लाज वाटली तरी. व्रत सुरू व्हायला आठ दिवस होते, म्हणून मी रात्री जागून 'पर्यावरणपूरक' खरेदीची यादी केली. बांबूचे टूथब्रश, काचेच्या बरण्यांचा संच, जाड कॅनव्हासच्या पिशव्या, नारळाच्या काथ्याचे घासणे, स्टीलच्या स्ट्रॉ आणि त्या साफ करायचा छोटा ब्रश. बेरीज चार हजार दोनशे रुपये. आठवीतली लेक मागे उभी राहून बघत होती.

"बाबा, आपण स्ट्रॉनं काय पितो?"

नारळपाणी, तेही गाडीवर, वर्षातून चार-पाचदा. यादी मिटवली. बरण्यांच्या जागी ते सव्वीस डबे आले.

पहिला प्रसंग मिक्सरनं आणला. लग्नातला मिक्सर, २००८ चा. चटणी वाटताना खरखर आवाज, मग ठिणग्या, मग जळका वास. कंपनीच्या सेवा केंद्रात सांगितलं की या मॉडेलचे भाग येत नाहीत, बदली योजनेत नवीन घ्या, जुन्याचे पाचशे वजा करू. एरवी मी पंधरा मिनिटांत नवीन घेऊन आलो असतो. या वेळी गेलो बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत. विजेचं सामान म्हणजे पुण्यात तपकीर गल्ली. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं दुकानाच्या पायरीवर चढावं एवढा रस्ता. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "सॅम्पल आणलंय?"

नव्हतं आणलं. मोटरची फिरकी भांड्याला देणारी दातेरी चकती म्हणजे कपलर; मला वाटलं होतं, मिक्सरचा कपलर म्हणजे मिक्सरचा कपलर. त्यानं एक पत्र्याचा डबा समोर ओतला. काळे, लाल, निळे, चार दात्यांचे, सहा दात्यांचे, आत पितळी नट असलेले, नसलेले. "यातला कुठला?" घरी परत.

शनिवारी दुपारी मिक्सर उलटा करून बसलो. तळाची झाकणी काढली, खालून शाफ्टच्या खाचेत पेचकस घालून तो धरला आणि वरचा कपलर पक्कडीनं फिरवू लागलो. अर्धा तास. घाम आला, कपलरचे दोन दाते तुटले, जागचा हलेना. शेवटी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "उलटे आटे असतात साहेब. मोटर फिरते तसा तो घट्ट होत जातो. तुम्ही आणखी आवळताय." दुसऱ्या बाजूला फिरवला तर लोण्यातून निघाल्यासारखा निघाला. दाते झिजून गोल झाले होते, म्हणून खरखर. ठिणग्यांचं कारण वेगळं होतं, कार्बन ब्रश. पेन्सिलीच्या शिशासारखा तो तुकडा झिजून नखाएवढा राहिला होता. सोमवारी बँकेतून सुटल्यावर दोन्ही घेऊन आलो. कपलर आणि ब्रशची जोडी मिळून एकशे दहा रुपये. मिक्सर अजून चालतो आहे. त्या रात्री मी वहीत लिहिलं, 'मिक्सर : वाचले रु. ३,४००.'

ही वही महत्त्वाची. काय घेतलं नाही आणि त्यामुळे काय वाचलं, ते मी रोज लिहीत होतो. एप्रिलमध्ये लिहिलं, 'गहू एक क्विंटल, लोकवन, गावाकडून थेट. पिठाची पाच किलोची वीस पाकिटं वाचली.' मे महिन्यात, 'कैरीचं लोणचं घरी.' जूनमध्ये, 'भांड्यांचं लिक्विड बंद, रिठे सुरू.' वाचताना मलाच माझं कौतुक वाटायचं.

ज्येष्ठातल्या एका रविवारी वही उघडली तर प्रत्येक ओळीसमोर समासात पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिलेले. 'कोणी केलं?'

अक्षर बायकोचं. खाली तिनं उत्तरंही लिहिली होती, शिक्षिका आहे. गहू : पोती लिफ्टमधून वर आणली, तू. गच्चीवर दोन दिवस वाळवला, निवडला, एरंडेल चोळून कोठीत भरला, मी आणि आई. माझ्या सुटीतले चार दिवस. लोणचं : आई. रिठे भिजवणं, उकळणं, गाळणं : मी, रोज रात्री दहा वाजता. त्या पाण्यानं भांडी घासणं : मावशी. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'व्रत तुझं, उपास आम्हाला.'

मला आधी रागच आला. मग मिक्सरची ओळ शोधली. तिथे 'तू' लिहिलं होतं. सगळ्या वहीत माझं म्हणावं असं तेवढंच काम होतं, आणि पोती.

यावर फार काही चर्चा झाली नाही. आमच्या घरात अशा गोष्टी चर्चेनं मिटत नाहीत, स्वयंपाकघरातल्या आवाजांवरून कळतात. पण फ्रिजवरच्या कागदावर बायकोनं एक ओळ वाढवली : 'ज्याचा हट्ट, त्याचे हात.' आणि मग माझं वर्ष खऱ्या अर्थानं सुरू झालं.

रिठे पहिल्यांदा गेले. मावशींनी मला बोटं दाखवली, टोकं काळपट पडलेली. "दादा, यानं तेलकटपणा जात नाय. तुपाच्या कढईला तीनदा पाणी लागतं." एका बादलीऐवजी दोन बादल्या पाणी सांडून मी कुठली नदी वाचवत होतो? नऊ दिवसांत प्रयोग बंद. केसांसाठी रिठे-शिकेकाई आई अजूनही वापरते, तिचं बरोबर आहे, केसांना तुपाची कढई घासायची नसते.

ओला कचरा मी घेतला. आमच्या सोसायटीत ओला-सुका वेगळा होतो, पण खत होत नाही, गाडी घेऊन जाते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोत जात आला. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कोथरूडमध्ये आमच्या कोपऱ्यावर साचलेला ढीग मला चांगला आठवतो. तेव्हा आम्ही नाकाला रुमाल लावून महापालिकेला नावं ठेवत होतो. तो वास त्यांच्या दारात रोजचा आहे, हे मनात आलं नव्हतं.

रंगाच्या वीस लिटरच्या दोन बादल्या रंगाऱ्याकडून मागून आणल्या. तापवलेल्या सळईनं भोकं पाडली. तळाला नारळाच्या शेंड्या, वर वाळका पाला, मग भाजीची देठं-सालं, परत पाला. विरजण म्हणून आंबट ताकात गूळ कालवून शिंपडला. दहा दिवस छान गेले. मग घरात कलिंगड आलं. एक अख्खं कलिंगड खाल्लं की बादलीभर सालं. मी ती तशीच कोंबली, पाला संपला होता. चौथ्या दिवशी बाल्कनीत असा वास की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. झाकण उघडलं तर आत वळवळ. करड्या-पांढऱ्या, भाताच्या शितापेक्षा मोठ्या, चपट्या अळ्या, शेकड्यांनी. लेक किंचाळली. मी धीटपणाचा आव आणला आणि झाकण लावून दिवाणखान्यात जाऊन बसलो.

पुढे वाचून, विचारून कळलं की त्या सोल्जर फ्लायच्या अळ्या. घरमाशीच्या नव्हेत. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्यानं खातात. बिघडलं होतं ते ओल्याचं प्रमाण. हातात मूठभर घेऊन घट्ट दाबायचं. तळवा ओलसर व्हावा, पण थेंब पडता कामा नये. माझ्या मुठीतून धार लागली. मग सोसायटीचे माळीकाका पालापाचोळा जाळायचे, त्यांच्याकडून तो पोत्यात मागून घेतला. एक वाटी ओलं, दोन वाट्या पाला. सालं बारीक चिरून. हे चिरणं रोज रात्री मी करतो, जुनी विळी घेऊन, खाली बसून. पहिलं खत दोन-सव्वादोन महिन्यांनी निघालं. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतर शेतातून येतो तसा वास. मी बशीत घेऊन सगळ्यांना दाखवत फिरलो. आईनं बोटानं चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "अंड्याची टरफलं तशीच राहिलीत, कुटून टाक."

सुक्या कचऱ्याचा धडा मात्र वेगळ्याच ठिकाणी मिळाला. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताई 'स्वच्छ'च्या सभासद आहेत. कचरावेचकांची ही सहकारी संस्था. तिच्या मागे १९९३ साली सुरू झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. ताईंच्या सासूबाई पूर्वी कचराकुंड्यांतून वेचायच्या, पंचायतीचं ओळखपत्र मिळाल्यावर पोलिसांनी हटकायचं कमी झालं, असं त्या सांगतात. घराघरातून मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्यातलं जे विकलं जाईल ते, ही त्यांची कमाई.

जुलैत एकदा पार्किंगमध्ये त्या निवडत बसल्या होत्या. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की आमच्याकडून आता किती कमी सुकं येतं ते बघा. त्या हसल्या.

"बघितलं की. दुधाच्या पिशव्या बंद, पेपर बंद, बाटल्या बंद. जे विकतं ते सगळं बंद केलं तुम्ही. आणि हे?" त्यांनी बिस्किटाचा, चिप्सचा, वेफर्सचा असा गठ्ठाच उचलून दाखवला. आतून चंदेरी. "याला कोण घेत नाय. हे आपलं उचलायचं नि गाडीत टाकायचं."

मी डोकं खाजवत उभा राहिलो. गवळ्याकडून किटलीत दूध आणणं मला फार पवित्र वाटत होतं. ती पिशवी एकजिनसी प्लास्टिकची असते, ती वितळवून परत वापरात येते, तिला भाव आहे. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकावर एक चिकटवलेले असतात, ते वेगळे करणं परवडत नाही. मी नेमकं उलट्या टोकाला धरलं होतं, मिक्सरच्या कपलरसारखंच. ताईंनी आणखी एक सांगितलं. पिशवीचा कोपरा अख्खा कापून टाकायचा नाही, चीर द्यायची, तुकडा लटकू द्यायचा. तो चिमुकला तिकोनी तुकडा सुटा झाला की निवडताना हाताला लागत नाही, गटारातच जातो. आणि पिशवी विसळून, वाळवून द्यायची, नाहीतर त्यांना वास येतो. हे काम लेकीनं घेतलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोरीवर चिमट्यांना पिशव्या वाळत असतात आमच्या, पताका लावल्यासारख्या. बिस्किटांऐवजी डब्यात काय, याचं उत्तर मी शंकरपाळे करून दिलं. पहिल्या घाण्याचे इतके कडक झाले की आईनं ते चहात बुडवूनही परत बशीत ठेवले.

आता अधिक महिना. १८ जुलैला लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अधिकात लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून सासरची मंडळी जेवायला बोलावतात आणि वाण देतात. तेहतीस अनारसे, दिवा, कपडे, ऐपतीप्रमाणे चांदी-सोनं. सासुरवाडी सांगलीची. मी आठवडाभर आधी फोन करून सासूबाईंना सांगितलं की यंदा काही घेऊ नका, माझा नियम आहे. त्या 'बरं बरं' म्हणाल्या. जावयाला कुणी 'नाही' म्हणत नाही.

पंगत झाली. पुरणपोळी, कटाची आमटी, अनारसे. अनारशांना इतकी सुरेख जाळी पडली होती की मी तीन खाल्ले. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत सुकवून, कुटून, गुळात मळून पीठ मुरवायचं, तेव्हा ती जाळी पडते. त्या पासष्टीच्या पुढच्या आहेत. मग ताटात चांदीचा दिवा आला. ओंजळीत मावेल एवढा, वरती तेहतीस बत्तासे. त्यांनी सराफाकडे दरमहा पाचशे भरून तो घेतला होता, हे मला नंतर कळलं. मी हसत हसत म्हणालो, "आई, अनारसे घेतो सगळे. दिवा नको. नियम म्हणजे नियम."

सासरे खिडकीबाहेर बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "तुमची इच्छा, जावईबापू," आणि ताट उचलून आत गेल्या. सांगली ते पुणे एसटीनं साडेपाच तास लागतात. कराड गेलं, साताऱ्याला चहाला गाडी थांबली, खंबाटकीचा बोगदा आला, बायको एक अक्षर बोलली नाही. कात्रजच्या बोगद्यात अंधारात म्हणाली, "दुकानदाराला नाही म्हणायचं ते तू तिला म्हणालास."

मी आठ दिवसांनी फोन केला, दिवा घेतो म्हणालो. सासूबाई म्हणाल्या, "आता देवघरात लावलाय. राहू दे."

याचा हिशेब माझ्या वहीत कुठल्याच रकान्यात बसला नाही.

गणपतीचं थोडक्यात सांगतो. शाडूची छोटी मूर्ती, घरीच बादलीत विसर्जन, ती माती निथळवून ठेवली, पुढच्या वर्षी परत तीच. एवढी सोपी गोष्ट आम्ही आधी का करत नव्हतो, कोण जाणे. दिवाळीला लेकीनं मात्र भांडण काढलं. वर्गातल्या सगळ्यांना नवीन कपडे, तिला मावसबहिणीचा घागरा उसवून बेतलेला. ती पाडव्याच्या दिवशी फ्रिजजवळ उभी राहिली आणि विचारलं, "नियम करताना मला कुणी विचारलं होतं?" नव्हतं विचारलं. तिचं वय वाढीचं आहे, पायातले बूट तर वर्षात दोनदा बदलावे लागले. तिला नियमातून मोकळं केलं. तिनं त्यानंतर एकच जीन्स घेतली आणि ती दोन महिने सलग घातली.

माझ्यापुरता मी एकदाच हरलो, दहाव्या महिन्यात, बनियनपाशी. दुरुस्तीला, उसनवारीला आणि जुन्या बाजारालाही मर्यादा असतात. यावर जास्त लिहीत नाही.

आईच्या गोधडीवर मात्र लिहायला हवं. हिवाळ्यात पांघरूण कमी पडलं. एरवी असले हलके रजईसारखे प्रकार आम्ही मॉलमधून आणायचो. आई म्हणाली, गोधडी शिवू. ट्रंक उघडली तर लक्षात आलं की गोधडीला लागतात तशा सुती, धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्या घरात पाचच आहेत, आणि त्यातल्या चार आईच्या. बाकी सगळं सिंथेटिक. ते थरावर थर ठेवलं की सरकतं, टाका धरत नाही, अंगाला उबही देत नाही. ते कपडे बोहारणीला दिले. धायरीत अजून एक बोहारीण येते, डोक्यावर भांड्यांची पाटी. तिनं माझी पँट उजेडात धरून बसायची जागा विरलीय का पाहिली, शर्टाची कॉलर उलटून पाहिली आणि अर्ध्या गठ्ठ्याला 'हे नको' म्हणाली. नऊ कपड्यांना एक झारा देत होती. आम्हाला झारा नको होता. तिला आश्चर्य वाटलं. "मग कशाला देता?" आम्ही फुकट दिले, तर ती पुन्हा पुन्हा वळून आमच्याकडे बघत गेली. काहीतरी गडबड आहे असंच तिला वाटलं असणार.

गोधडी जमिनीवर अंथरून शिवायची, चारी कडांनी आत आत येत, धावदोऱ्यानं. आईचे गुडघे दुखतात. 'ज्याचा हट्ट' या कलमाखाली मी बसलो. अंगठ्याशेजारच्या बोटाला सुई इतक्यांदा टोचली की बँकेत नोटा मोजताना जाणवायची. पाच संध्याकाळी मिळून दोन वीत झालं. आईनं चष्मा लावून पाहिलं.

"टाका लांब पडतोय. यात पोराच्या पायाचं बोट अडकंल."

तिनं माझा भाग उसवला नाही, एवढंच. उरलेली तिनंच शिवली, बसवत नव्हतं तरी, सव्वा महिना. मी सुया ओवून देत होतो. मधे लालसर पट्टा आहे तो तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात नेसलेल्या साडीचा. माझ्या लांब टाक्यांचा कोपरा पायाकडे घेऊन मी ती पांघरतो आणि खरंच अधूनमधून अंगठा अडकतो.

संक्रांतीला हळदी-कुंकवाचं वाण काय द्यायचं, असा प्रश्न आला. दरवर्षीचे प्लास्टिकचे डबे, गाळण्या, रुमाल. या वेळी बायकोनं स्वतःहून सुचवलं, मी तोंड उघडलं नव्हतं. बायकांना निरोप गेला की घरात न वापरलेली एक वस्तू घेऊन या, जाताना दुसरी कुठलीही घेऊन जा. मला वाटलं होतं, लोक हसतील. बावीस जणी आल्या, टीपॉयवर ढीग लागला. ब्लाउजपीस तर इतके, की ओटीतून ओटीत फिरत त्यातल्या एखाद्यानं अख्खा महाराष्ट्र पाहिला असेल. कुणी ट्रे, कुणी थर्मास, कुणी न फोडलेला कपांचा संच. लिफ्टशेजारच्या वहिनींनी एक स्टीलचा डबा ठेवला. बायकोनं तो उचलून फिरवला. बुडाशी टिंबटिंबांत नाव घातलेलं, माझ्या मामांचं, 'यांजकडून सप्रेम भेट', आणि आमच्या लग्नाची तारीख. तो आमच्याकडून कधी, कुणाकडे, कुठून कुठे गेला आणि सोळा वर्षांनी धायरीत कसा आला, याचा कुणालाच पत्ता लागेना. वहिनींना तो त्यांच्या नणंदेनं दिला होता. एवढ्या हसण्याचा आवाज त्या घरात त्याआधी झाला नव्हता. डबा सत्ताविसावा म्हणून परत माळ्यावर गेला.

९ एप्रिल २०२४ ला व्रत संपलं. गुढी उभारली, साखरेची गाठी लेकीनं अकरा वाजेपर्यंतच संपवली. संध्याकाळी बायको लक्ष्मी रोडला जाऊन इरकल घेऊन आली, वर्षभर पैसे बाजूला ठेवले होते तिनं. सुती आहे, पुढे गोधडीला येईल, असं मी म्हणायला गेलो आणि तिच्याकडे बघून गप्प बसलो. वही बंद केली. चालू काय राहिलं? बादल्या माझ्याकडेच आहेत. गहू यंदा पन्नास किलोच घेतला, कारण गेल्या पावसाळ्यात कोठीत सोंडे झाले आणि ते चाळताना माझे दोन रविवार गेले. दूध परत पिशवीचं. ताईंशी पार्किंगमध्ये बोलणं होतं, मी चंदेरी पाकिटं मोजून दाखवतो, त्या 'अजून आहेत की' म्हणतात.

मे महिन्यात सांगलीला गेलो होतो. जेवण झाल्यावर सासूबाईंनी पंचांग काढलं. पुढचा अधिक २०२६ मध्ये, ज्येष्ठात.

"आंबे असतील तेव्हा. अनारसे थोडेच करीन," त्या म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत, "दिवा घेणार ना या खेपेला?"

"घेईन," मी म्हणालो.

त्या उठल्या, देवघरातून दिवा आणला आणि बुडाशी बसलेली काजळी पदरानं पुसून पाहिली. "चिंचेनं घासावा लागेल," म्हणाल्या. मी बाही वर करून मोरीकडे गेलो.